दोन सामने उरले, 5 गुण आहेत: ‘सगळं आमच्याच हातात’ हे कितपत खरं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार संघांचा फुटबॉल गट, विजयाला 3 आणि बरोबरीला 1 गुण, प्रत्येकाशी दोनदा सामना, पहिले दोन संघ पुढे. चार सामने झालेत आणि तक्ता असा आहे: अव्वल संघ 10, दुसरा 6, तुमचा 5, तळाचा 1. तुमच्या संघाचा पुढचा सामना अव्वल संघाशी त्यांच्या मैदानावर आहे आणि शेवटचा दुसऱ्या संघाशी घरच्या मैदानावर. प्रशिक्षक म्हणतात सगळं आमच्याच हातात आहे. तुम्ही विचारताय, हे खरं का, आणि अव्वल संघाविरुद्ध बरोबरीसाठी खेळावं का.

खरा प्रश्न बरोबरीचा नाहीच. त्या बरोबरीतून मिळणाऱ्या एका गुणाची किंमत तुमच्या स्पर्धेच्या नियमावलीत ठरते, आणि गुण समान झाले तर कोण वर, हे कलम तुम्ही मला कळवलेलं नाही. म्हणून आधी गणित मांडतो, मग नियम, मग मैदानावरचं.

पाचव्या फेरीत दुसरा संघ तळाच्या संघाशी खेळणार. तो जिंकेल असंच धरून चाला. मग त्याचे 9 होतात. आता तुमच्या तीन वाटा बघा. अव्वल संघाला हरवलंत तर तुमचे 8, आणि शेवटचा सामना जिंकला की 11. तेव्हा कुणाच्या निकालाकडे बघायची गरज नाही. बरोबरी केलीत तर 6, शेवटी जिंकून 9, म्हणजे दुसऱ्या संघाशी गुण समान. हरलात तर 5, शेवटी जिंकूनही 8 आणि खेळ संपला. म्हणजे प्रशिक्षकांचं वाक्य दोन्ही सामने जिंकले तरच शब्दशः खरं आहे. एक बरोबरी आणि एक विजय असेल तर ते नियमावलीवर अवलंबून आहे. हार आणि विजय असेल तर तळाच्या संघानं दुसऱ्याला रोखलं तरच.

आणखी एक गोष्ट याच तक्त्यात दडलेली आहे. दुसरा संघ जिंकून 9 वर गेला, तर अव्वल संघाशी काहीही निकाल लागला तरी शेवटचा सामना तुम्हाला जिंकावाच लागतो. अगदी अव्वल संघाला हरवून 8 झालेत आणि शेवटी बरोबरी केलीत, तरी 9 विरुद्ध 10. त्यामुळे तयारीचा केंद्रबिंदू शेवटचा सामना ठेवायचा आणि पाचव्या सामन्याचे निर्णय त्यावरून मागे मागे काढायचे. पात्रता फेरीचं नियोजन करणारा कुणीही शेवटाकडून सुरुवातीकडेच येतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अव्वल संघ आजच पुढे गेलेला आहे. त्याला तिसऱ्या क्रमांकावर ढकलायचं तर तुम्ही आणि दुसरा संघ, दोघांनीही 10 किंवा जास्त गुण मिळवायला हवेत. पण तुम्ही दोघं एकमेकांशीच खेळणार आहात. तुम्ही दोन्ही जिंकलात तर दुसरा 9 वर थांबतो, दुसरा दोन्ही जिंकला तर तुम्ही 8 वर, आणि तुमच्यात बरोबरी झाली तर जास्तीत जास्त 9 आणि 10. म्हणजे तुमच्याविरुद्धच्या सामन्यात अव्वल संघ प्रमुख खेळाडूंना विश्रांती देण्याची बरीच शक्यता आहे. पहिल्या क्रमांकाला वेगळी किंमत असेल, उदाहरणार्थ पुढच्या फेरीच्या सोडतीत वरचं मानांकन, तर ते पूर्ण ताकदीनं उतरतील. हे आधी तपासा. विश्रांती दिलेल्या संघासमोर बरोबरीसाठी बचावात बसणं म्हणजे हातची संधी घालवणं.

आता नियम. गुण समान झाले की आधी काय बघतात, हे प्रत्येक स्पर्धेत सारखं नसतं. 2026 च्या जागतिक चषकाच्या पात्रता फेरीत आधी गटातल्या सर्व सामन्यांचा गोलफरक (केलेले वजा स्वीकारलेले गोल) होता, मग केलेले गोल, आणि त्यानंतर परस्पर सामने, म्हणजे त्याच संघांमधले आपसातले निकाल. युरो चषकाच्या पात्रता फेरीत उलटं, आधी परस्पर सामने. तुमच्या गटात या फरकाला थेट अर्थ आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे तुमचा गोलफरक अधिक 1, दुसऱ्या संघाचा उणे 1, आणि पहिल्या सामन्यात तुम्ही त्यांच्याकडे 0-1 हरलात.

समजा तुम्ही अव्वल संघाशी बरोबरी केली आणि दुसऱ्या संघानं तळाच्याला काही गोलांनी हरवलं. गोलफरक आधी असेल, तर शेवटचा सामना एका गोलानं जिंकल्यावर तुमचा फरक अधिक 2 होतो. त्यांचा होतो उणे 1, अधिक त्यांनी मिळवलेलं अंतर, वजा 1. त्यांनी तळाच्या संघाला 3 गोलांपर्यंतच्या फरकानं हरवलं तर तुम्ही वर. 4 गोलांनी हरवलं तर गोलफरक समान, मग केलेले गोल. 5 असेल तर तुम्हाला दोन गोलांनी जिंकावं लागेल. परस्पर सामने आधी असतील, तर दोन गोलांच्या फरकाचा विजय सगळे प्रश्न मिटवतो. 1-0 नं जिंकलात तर परस्पर हिशेब बरोबरीत सुटतो आणि मामला पुन्हा एकूण गोलफरकावर येतो. हे सगळं एका पानावर मावतं. सामन्याच्या आदल्या दिवशी ते पान प्रशिक्षक, कर्णधार आणि राखीव बाकावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून गेलेलं असावं.

‘किती गुण पुरतात’ असंही तुम्ही विचारलंय. चार संघांच्या गटात पहिल्या दोघांत येण्याची हमी 13 गुणांना मिळते, 12 ला नाही. तीन संघांनी चौथ्याला दोनदा हरवलं आणि आपसात प्रत्येक जोडीनं एकेक विजय घेतला, तर तिघांचे 12-12 होतात आणि एक बाहेर जातो. तीन संघांचे मिळून 36 पेक्षा जास्त गुण होऊच शकत नाहीत, म्हणून तिघांनाही 13 मिळणं अशक्य. ही झाली वरची मर्यादा. प्रत्यक्षात मात्र बरंच कमी पुरतं, विशेषतः एक संघ सगळ्यांना हरवत सुटला असेल तेव्हा.

2026 च्या जागतिक चषकासाठी आशियातल्या दुसऱ्या फेरीतला ‘अ’ गट याचं चांगलं उदाहरण आहे. कतारनं 16 गुण घेतले आणि कुवेत अवघ्या 7 गुणांवर दुसरा आला. भारत आणि अफगाणिस्तान 5-5 वर राहिले. शेवटच्या दिवसाआधी स्थिती अशी होती: कतार 13, भारत 5 आणि गोलफरक उणे 3, अफगाणिस्तान 5 आणि उणे 10, कुवेत 4 आणि उणे 1. सामने होते कतार-भारत आणि कुवेत-अफगाणिस्तान. दोन सामन्यांचे तीन-तीन निकाल धरले की नऊ शक्यता होतात. भारत जिंकला असता तर दुसऱ्या सामन्याचं काहीही झालं तरी पुढे जाणं जवळजवळ नक्की होतं, कारण अफगाणिस्तानला गोलफरकात भारताला गाठायलाही किमान 8 गोलांनी जिंकावं लागलं असतं. भारतानं बरोबरी केली असती तर दुसराही सामना बरोबरीत सुटायला हवा होता. हरला तर बाहेर. म्हणजे नऊपैकी चार खाने चांगले. पण चार खाने म्हणजे 44 टक्के संधी नव्हे. प्रत्येक निकालाची शक्यता सारखी नसते, आणि ‘नऊपैकी चार’ हे वाक्य टीव्हीवर ऐकलं की लोक इथेच फसतात.

दोहातला तो सामना भारत 1-2 हरला. कतारच्या पहिल्या गोलाआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता, यावर लोक अजून बोलतात आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण तक्ता मागे वाचा. गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध भारत 1-0 नं पुढे होता. 70 व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि 88 व्या मिनिटाला पेनल्टीवर सामना गेला. ती आघाडी टिकली असती तर शेवटच्या दिवसाआधीच भारताचे 8 गुण झाले असते, कुवेतला जास्तीत जास्त 7 पर्यंत जाता आलं असतं, आणि दोहाचा सामना निव्वळ औपचारिक ठरला असता. गट जिथे हातातून जातो ती जागा आणि जिथे तो गेल्याचं कळतं ती जागा, या दोन वेगळ्या असतात.

बरोबरीच्या किमतीबद्दल आणखी थोडं, कारण तुमच्या प्रश्नात ‘एक गुण तर मिळेल’ असा सूर आहे. विजयाला 3 आणि बरोबरीला 1 असताना बरोबरीत एक गुण मिळतो तसे दोन हातचे जातातही. त्याच जागतिक चषकाच्या आफ्रिकी पात्रता फेरीतल्या ‘ड’ गटात केप व्हर्दे आणि कॅमेरून दोघंही दहापैकी एकच सामना हरले. कॅमेरूननं 17 गोल केले, 5 स्वीकारले. केप व्हर्देनं 16 केले, 8 स्वीकारले. आपसातल्या एका सामन्यात तर कॅमेरूननं 4-1 असा धुव्वा उडवला होता. तरीही केप व्हर्दे 23 गुणांसह थेट पात्र ठरला आणि कॅमेरून 19 वर राहिला. फरक इतकाच की केप व्हर्देनं 7 जिंकले आणि 2 बरोबरीत सोडवले, तर कॅमेरूननं 5 जिंकले आणि 4 बरोबरीत. त्या चारपैकी एक बरोबरी तळाच्या एस्वातिनीशी 0-0 अशी होती. केप व्हर्देच्या सातपैकी चार विजय बघा: 1-0, 1-0, 2-1, 1-0. नेमके गोल, नेमक्या वेळी.

याच्या उलट, पहिल्या क्रमांकासाठी चुरस असते तेव्हा दुबळ्या संघाविरुद्धचे गोल मोजून ठेवावे लागतात. 2026 च्या युरोपीय पात्रता फेरीत नॉर्वे आणि इटली एका गटात होते. शेवटच्या सामन्याआधी नॉर्वे तीन गुणांनी पुढे होता आणि गोलफरक होता अधिक 29 विरुद्ध अधिक 12. इटलीला मिलानमध्ये 9 गोलांनी जिंकावं लागणार होतं. ही दरी कुठे तयार झाली? मोल्दोव्हाविरुद्ध नॉर्वे 5-0 आणि 11-1 नं जिंकला, म्हणजे अधिक 15. इटली त्याच मोल्दोव्हाविरुद्ध दोन्ही वेळा 2-0, म्हणजे अधिक 4. सतरापैकी अकरा गोलांचं अंतर एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पडलं. म्हणून गोलफरक आधी धरणाऱ्या स्पर्धेत 3-0 झाल्यावर चेंडू मागे मागे फिरवत बसू नये. साठाव्या मिनिटाच्या आसपास दोन ताजे आघाडीचे खेळाडू उतरवावेत. पाच बदली खेळाडूंची मुभा याच कामाची आहे. परस्पर सामने आधी धरणाऱ्या स्पर्धेत मात्र तीच मिनिटं प्रमुख खेळाडूंना विश्रांती देण्यात घालवणं शहाणपणाचं.

तुमच्या स्पर्धेत सगळ्या गटांमधले ‘सर्वोत्तम उपविजेते’ निवडले जात असतील, तर आणखी एक कलम वाचा: कुठले निकाल वगळतात. आफ्रिकेत एरिट्रियानं माघार घेतल्यामुळे एक गट सहाऐवजी पाच संघांचा उरला, म्हणून उपविजेत्यांची तुलना करताना सहाव्या संघाविरुद्धचे गुण वजा केले गेले. बुर्किना फासोनं गटात 21 गुण मिळवले होते, पण तळाच्या जिबूतीविरुद्धचे दोन विजय वगळल्यावर 15 उरले. नायजेरियाचे मूळ 17 होते. त्यांनी तळाच्या झिम्बाब्वेशी दोन्ही सामने बरोबरीत सोडवले होते, त्यामुळे फक्त 2 गुण गेले आणि त्यांचेही 15 उरले. गोलफरकावर नायजेरिया पुढे गेला, बुर्किना फासो घरी. तुमच्या गटात हा मुद्दा नाही, पण दुसऱ्या कुठल्या गटाचं गणित मांडायला बसाल तेव्हा हे विसरू नका.

आता कार्डांचा हिशेब, कारण तुमच्या संघाला खरा धोका इथे आहे. जागतिक चषकाच्या पात्रता फेरीत दोन वेगवेगळ्या सामन्यांत मिळून दोन पिवळी कार्डं झाली की पुढचा एक सामना बंदी असते. दोन कार्डांमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात, त्यामुळे आठवणीवर विसंबून चालत नाही. दक्षिण आफ्रिकेनं मार्च 2025 मध्ये लेसोथोला 2-0 हरवलं, पण बंदी असलेला टेबोहो मोकोएना त्या सामन्यात खेळला होता. निकाल फिरवून 0-3 हार देण्यात आली. तीन गुण गेले आणि गोलफरकात पाच गोलांचा फटका बसला. शेवटच्या दिवशी बेनिन 17, दक्षिण आफ्रिका 15, नायजेरिया 14 अशी अवस्था आली. दक्षिण आफ्रिकेनं रवांडाला 3-0 हरवलं, नायजेरियानं बेनिनला 4-0 हरवलं, म्हणून दक्षिण आफ्रिका 18 गुणांनी निभावली. जो गट स्वतःच्या विजयावर जिंकता आला असता तो दुसऱ्याच्या निकालावर टेकला.

यावर उपाय साधा आहे. एका माणसाकडे एक वही किंवा तक्ता द्यायचा: खेळाडू, सामना, मिनिट, कार्ड, बंदी कधी भोगली. संघाची यादी सही होऊन जाण्याआधी त्या माणसानं ती बघितलीच पाहिजे. आणि तुमच्या बाबतीत लगेचचा प्रश्न असा: नियमित खेळणाऱ्यांपैकी कुणावर आत्ता एक पिवळं कार्ड आहे? असा मध्यवर्ती बचावपटू किंवा बचावात्मक मधल्या फळीचा खेळाडू अव्वल संघाविरुद्ध खेळवलात आणि त्याला कार्ड मिळालं, तर शेवटच्या, जिंकायलाच हव्या अशा सामन्यात तो नसेल. गणित सांगतं की शेवटचा सामना जास्त मोलाचा आहे. त्यामुळे मी अशा खेळाडूंपैकी सगळ्यांना नाही, पण ज्याच्या जागी तोलामोलाचा दुसरा नाही अशा एकाला तरी बाहेर ठेवेन, किंवा साठ मिनिटांनी काढेन. कुणाला ठेवायचं हे संघावर अवलंबून आहे, ते इथून सांगता येणार नाही.

दोन्ही सामने एकाच आंतरराष्ट्रीय कालावधीत (क्लबचे सामने थांबवून राष्ट्रीय संघांसाठी राखलेल्या दिवसांत) असतील तर दिवस मोजा. खेळाडू क्लबचा शनिवार-रविवारचा सामना संपवून सोमवारी येतात. गुरुवारी सामना असेल तर खऱ्या अर्थानं दोनच सराव मिळतात. रविवारी खेळलेल्यांना सोमवारी फक्त हलका व्यायाम, मंगळवारी आणि बुधवारी काम. एवढ्यात नवीन व्यूहरचना रुजत नाही. ज्याचा फायदा हमखास होतो ते म्हणजे कॉर्नर, फ्री किक आणि लांब थ्रो, दोन्ही बाजूंचे. दुसरा सामना रविवारी असेल तर त्यासाठी पुरता एकच सराव मिळतो, कारण शुक्रवार प्रवास आणि विश्रांतीत जातो. म्हणून शेवटच्या प्रतिस्पर्ध्यासाठीचे कॉर्नर मंगळवारीच बसवून टाका, भले मधे दुसरा सामना असला तरी.

परक्या मैदानाची परिस्थितीही बघा. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया आता एल आल्तोला, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,100 मीटरवर खेळतो. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी तिथे ब्राझीलला 1-0 हरवून प्लेऑफची (पात्रतेची शेवटची संधी देणाऱ्या फेरीची) सातवी जागा मिळवली, त्याच दिवशी व्हेनेझुएला 3-6 हरला म्हणून. तिथे जाणारे संघ बऱ्याचदा खाली सांताक्रूझला मुक्काम करतात आणि सामन्याच्या दिवशीच वर जातात, कारण उंचीची सवय व्हायला लागणारा वेळ राष्ट्रीय संघाला मिळतच नाही. तुमच्या सामन्यात इतकं टोक नसेल, पण प्रवासाचे तास, घड्याळाचा फरक आणि मैदानाचा पृष्ठभाग लिहून काढा. कृत्रिम हिरवळ असेल तर किमान एक सराव तशाच मैदानावर हवा.

तर अव्वल संघाविरुद्ध मी असं खेळेन. पहिला तासभर घट्ट, पण मागे कोंडून घेतलेलं नाही. त्यांची यादी हातात आली आणि त्यात पाच-सहा नेहमीचे नसतील, तर सुरुवातीपासून दोन आघाडीचे. 70 व्या मिनिटाला बरोबरी असेल तर बाकावर कळलेलं असावं की तळाच्या संघाच्या सामन्यात काय चाललंय, अर्थात तो आधी किंवा त्याच वेळी असेल तर. दुसरा संघ अडकलेला असेल तर तुमची बरोबरी उत्तम आणि हारसुद्धा जीवघेणी नाही. दुसरा संघ मोठ्या फरकानं पुढे असेल आणि नियम गोलफरकाचा असेल, तर शेवटच्या वीस मिनिटांत जिंकायला जा. नियम परस्पर सामन्यांचा असेल तर बरोबरी सांभाळा, कारण दोन गोलांच्या विजयाची वाट घरच्या मैदानावर अजून उघडी आहे.

पाचवी फेरी संपली की दुसऱ्या संघाच्या विजयातला फरक वरच्या हिशेबात भरा आणि शेवटच्या सामन्याचं पान नव्यानं लिहा: एक गोल पुरतो की दोन लागतात. 1-0 झाल्यावर 80 व्या मिनिटाला बचावपटू उतरवायचा की आघाडीचा, ते त्या पानावर आधीच लिहिलेलं असलं पाहिजे.